ज्याला परसदार, त्याला आसरा

दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनची आठवण निघाली की ब्रिटिश माणूस हमखास एक चित्र पुढे करतो. घरामागची छोटी बाग, त्यात जमिनीत अर्धं पुरलेलं पन्हळी पत्र्याचं कमानदार खोपटं, वर मातीचा थर आणि त्या मातीत लावलेला भाजीपाला. हे अँडरसन शेल्टर. संग्रहालयांत ते मांडून ठेवलेलं असतं, शाळांच्या सहली येतात, मुलं आत बसून रेकॉर्डवरचा भोंगा ऐकतात आणि आपले पणजी-पणजोबा किती चिवट होते ते शिकून परत जातात.

या चित्राशी माझं भांडण आहे. वस्तू म्हणून ते शेल्टर चांगलं होतं. ज्यांनी ते बनवलं त्यांना मी नावं ठेवणार नाही. भांडण आहे ते धोरणाशी. बॉम्बपासून माणसाचा जीव वाचवायची जबाबदारी सरकारची, हे मान्य करून त्या सरकारने ती जबाबदारी घराच्या नकाशावर नेऊन टाकली. मागे मोकळी जागा असेल तर पत्रे मिळतील, नसेल तर तुमचं पुढे बघू. आणि हा हिशेब लंडनमध्येच संपला असता तर आज त्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नव्हता.

आधी वस्तूकडे बघू. हिटलरशी म्युनिक करार झाला त्या वर्षी, 1938 मध्ये, विल्यम पॅटर्सन आणि ऑस्कर कार्ल केरिसन या दोघांनी त्याचा आराखडा केला. हवाई हल्ल्यांपासून संरक्षणाचं काम तेव्हा सर जॉन अँडरसन या मंत्र्यांकडे आलं होतं, म्हणून नाव त्यांचं पडलं. लांबी साडेसहा फूट, रुंदी साडेचार फूट, उंची सहा फूट, आणि एवढ्यात सहा माणसं. सहा बाकदार पन्हळी पत्रे माथ्यावर नटबोल्टने जोडायचे की कमान तयार. पुढच्या-मागच्या बाजूला सपाट पत्रे, पुढच्या पत्र्यात वाकून आत शिरण्यापुरती मोकळी जागा. सरकार देणार ते फक्त सुटे भाग आणि जोडणीचा कागद. साधारण चार फूट खोल खड्डा खणायचा, त्यात कमान उभी करायची आणि खणलेली माती वर निदान 15 इंच जाडीने पसरून चोपायची, हे घरच्यांचं काम. वर्षाला 250 पौंडांपेक्षा कमी कमावणाऱ्याला हे फुकट, बाकीच्यांना 7 पौंडांना. 25 फेब्रुवारी 1939 ला लंडनच्या इझलिंग्टन भागात पहिली शेल्टरं पोचली आणि सप्टेंबरात युद्ध सुरू होईपर्यंत साधारण 15 लाख वाटून झाली होती. सहा-सात महिन्यांत पंधरा लाख! कुठल्याही सरकारी योजनेचा हा वेग बघून आपल्याकडच्या माणसाला हेवा वाटावा.

हे शेल्टर जीव कसा वाचवायचं, हेही समजून घ्यायला हवं. थेट डोक्यावर बॉम्ब पडला तर त्याचा काही उपयोग नव्हता आणि तसा दावाही कुणी केला नाही. पण शहरावर बॉम्ब पडतो तेव्हा बहुतेक माणसं थेट माऱ्याने मरत नाहीत. ती मरतात उडणाऱ्या तुकड्यांनी, स्फोटाच्या दाबाने आणि अंगावर कोसळणाऱ्या स्वतःच्याच घराने. चोपलेली माती तुकडे अडवायची. बाकदार पत्रा दाबाखाली लवायचा, पण फाटायचा नाही. आणि शेल्टर घरापासून काही पावलं दूर असल्याने भिंती पडल्या तरी त्या अंगावर यायच्या नाहीत. शेजारच्या घराचा ढिगारा झाला आहे आणि त्याच्यालगतच्या बागेतल्या पत्र्यातून कुटुंब धडधाकट बाहेर येतंय, असं पुष्कळदा घडलं.

त्रास होता तो पाण्याचा. चार फूट खणून वर छप्पर टाकलं की पावसात आत काय होतं, हे कोकणातल्या माणसाला समजावायला नको. लंडनच्या चिकणमातीत तर पाणी मुरायचं नावच नाही. लोक डब्या-बादल्यांनी उपसत, पुन्हा भरत असे. अंधार, गारठा, ओल आणि बाहेरच्या आवाजाला अडवायला काही नाही. मुळात ही रचना केली होती दिवसाच्या, तासा-दोन तासांच्या हल्ल्यांसाठी. प्रत्यक्षात 7 सप्टेंबर 1940 पासून लंडनवर सलग 57 रात्री बॉम्ब पडले, आणि संध्याकाळी वाजलेला भोंगा पहाटेपर्यंत थांबत नव्हता. बसायला केलेल्या खड्ड्यात लोकांना झोपायची वेळ आली. एवढं सोसूनही ज्यांच्याकडे ते होतं त्यांनी ते वापरलं, आणि त्यांतल्या हजारोंचा जीव वाचला, हे मान्यच आहे.

आता ज्यांच्याकडे नव्हतं त्यांच्याकडे वळू. जर्मन विमानांचं पहिलं लक्ष्य होतं लंडनच्या पूर्व भागातल्या गोद्या, कारखाने, वखारी. त्यांच्या आसपास कोण राहणार? गोदीवरचे हमाल, शिवणकाम करणारे ज्यू कारागीर, आयरिश मजूर. स्टेप्नी, बेथनल ग्रीन, पॉप्लर या वस्त्यांमध्ये एकावर एक मजले रचलेल्या इमारती, एका खोलीत अख्खं बिऱ्हाड, मागे फरसबंद चौक नाहीतर समाईक संडास. आपली गिरणगावातली चाळ डोळ्यांपुढे आणा, म्हणजे फार चुकणार नाही. तिथे चार फूट खणायचं कुठे? फुकट शेल्टर देण्याची अट उत्पन्नाची होती, पण घेण्याची अट जमिनीची होती. कागदावर योजना गरिबांसाठीच होती आणि सर्वांत गरीब माणूसच तिच्यातून गळला. बॉम्ब ज्या वस्त्यांवर सर्वांत जास्त पडणार हे नकाशावरून आधीच सांगता येत होतं, नेमक्या त्याच वस्त्यांमध्ये मागची बाग नव्हती.

त्यांच्यासाठी सरकारने काय केलं? रस्त्यावर विटांच्या भिंती आणि वर काँक्रीटचा स्लॅब अशी शेल्टरं बांधली, प्रत्येकी पन्नासेक माणसांची. 1940 च्या वसंतात सिमेंटची टंचाई झाली. चुना आणि वाळूचा गिलावा वापरण्याबाबत वरून जे आदेश सुटले ते इतके मोघम होते की कित्येक ठिकाणी सिमेंटशिवायच भिंती उभ्या राहिल्या. स्फोटाचा दणका बसला की अशा भिंती बाहेर फेकल्या जायच्या आणि वरचा स्लॅब आख्खा खाली यायचा. लोकांनी त्या शेल्टरांत जाणं सोडलं. अधिकाऱ्यांच्या नोंदी मात्र सांगत होत्या की अमुक वस्तीत इतक्या जागा उपलब्ध, तितक्या रिकाम्या. आसरा कागदावर मोजला की असंच होतं.

इथे एक प्रश्न न्याय्य आहे. 1939 मध्ये दुसरा मार्ग होता का, की आज सगळं माहीत झाल्यावर आपण शहाणपणा सांगतोय? मार्ग होता, आणि तो मोठ्याने मांडला जात होता. तो मांडणाऱ्यांमध्ये सर्वांत खणखणीत आवाज जे. बी. एस. हाल्डेन यांचा. हे तेच जीवशास्त्रज्ञ, जे 1957 मध्ये भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. स्पेनच्या यादवी युद्धात ते तिथे जाऊन आले होते. मार्च 1938 मध्ये बार्सिलोनावर तीन दिवस बॉम्बहल्ले झाले. तिथल्या लोकांनी फावडी-कुदळी घेऊन गल्लीगल्लीत भुयारं खणली होती, आणि शहरभर अशी शेकडो भुयारं झाली. ब्रिटनमध्येही शहराखाली खोल, विटांनी बांधलेली सार्वजनिक भुयारं खणा, बेकारांना काम मिळेल आणि जीव वाचतील, असं हाल्डेन सांगत होते. लंडनच्या फिन्सबरी भागाच्या नगरपालिकेने तर टेक्टन या वास्तुरचनाकारांच्या गटाकडून आणि ओव्ह अरुप या अभियंत्याकडून रीतसर आराखडा करून घेतला. जमिनीखाली गोलाकार, अनेक मजली आसरे, उतरायला गोल फिरत जाणारा उतार, प्रत्येकात हजारो माणसांची सोय, आणि शांततेच्या काळात तिथे मोटारी उभ्या करायच्या. 1939 मध्ये गृहखात्याने तो फेटाळला.

खोल आसऱ्यांच्या प्रश्नावर सरकारने जी समिती बसवली होती तिचे अध्यक्ष होते लॉर्ड हेली. आपल्याला ते नाव अनोळखी नाही. पंजाबचे आणि नंतर संयुक्त प्रांताचे गव्हर्नर. आणि स्वतः अँडरसन? 1932 ते 1937 बंगालचे गव्हर्नर. क्रांतिकारकांना चिरडण्यासाठी मुद्दाम पाठवलेला कडक माणूस. 1934 मध्ये दार्जिलिंगजवळ लेबाँगच्या रेसकोर्सवर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ते बचावले. म्हणजे इंग्लंडमधल्या गोरगरिबांनी कुठे लपावं हे ठरवणारे दोन्ही प्रमुख गृहस्थ हिंदुस्थानात प्रांत चालवून आलेले, आणि त्यांना विरोध करणारा पुढे हिंदुस्थानात येऊन राहिलेला. यावरून फार मोठा सिद्धांत काढायचा मोह मी टाळतो. पण जमावाकडे बघण्याची एक सवय असते, ती बोटीतून उतरताना बंदरावर ठेवून येता येत नाही, एवढं म्हणायला हरकत नसावी.

कारण त्या समितीने आणि खात्याने जी कारणं दिली त्यांत काही भक्कम होती आणि एक भलतंच होतं. भक्कम कारणं अशी. खोल भुयारांना पैसा, पोलाद, सिमेंट, कुशल मजूर आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. युद्ध दाराशी होतं. भोंगा वाजल्यापासून विमानं डोक्यावर यायला काही मिनिटंच मिळणार होती. एवढ्यात हजारो माणसं एका तोंडातून आत कशी जाणार? आणि सर्वांना एका जागी गोळा केलं तर एका बॉम्बने हाहाकार; त्यापेक्षा विखुरलेली बरी. भलतं कारण असं की लोक एकदा सुरक्षित भुयारात गेले की वर यायचेच नाहीत. कामाला जाणार नाहीत, कारखाने बंद पडतील, युद्ध हरू. या भीतीला सरकारी कागदपत्रांत ‘खोल आसऱ्याची मनोवृत्ती’ अशा अर्थाचं नावही पडलं होतं. पहिल्या दोन महिन्यांतच सहा लाख माणसं मरतील, शहरं वेडीपिशी होतील, असे अंदाज तेव्हा फिरत होते. अख्ख्या युद्धात ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्यांत मेलेल्या नागरिकांचा आकडा साठ हजारांच्या घरात गेला. म्हणजे बॉम्बची भीती दसपट आणि आपल्याच लोकांची भीती त्याहून मोठी. मंत्रिमंडळासाठी मात्र व्हाइटहॉलच्या तळघरात खोल्या तयार झाल्या होत्या. तिथे बसलेल्या कुणाला वर यायचा कंटाळा येईल, अशी शंका कुणी घेतल्याचं दिसत नाही.

सप्टेंबर 1940 मध्ये लोकांनीच हा वाद निकालात काढला. भुयारी रेल्वेची स्थानकं आसऱ्यासाठी वापरायला बंदी होती. पूर्व लंडनच्या लोकांनी सरळ दीड पेनीचं तिकीट काढलं, खाली उतरले, आणि गाडी आली तरी चढले नाहीत. पथारी पसरली. त्यांना हुसकवायला सैन्य लावायची हिंमत सरकारला झाली नाही; थोड्याच दिवसांत बंदी मोडीत निघाली. 27 सप्टेंबरच्या रात्री एक लाख सत्याहत्तर हजार माणसं फलाटांवर झोपली होती. त्याआधी 14 सप्टेंबरला स्टेप्नीतले कम्युनिस्ट कार्यकर्ते फिल पिराटिन सत्तर-ऐंशी बायामाणसांना आणि मुलांना घेऊन थेट सॅव्हॉय हॉटेलात शिरले. श्रीमंतांच्या त्या हॉटेलच्या तळघरात झोपायला गाद्यांची सोय होती. त्या रात्री ती मंडळी तिथेच बसली, चहा मागवला, भोंगा थांबल्यावर निघून गेली. पिराटिन 1945 मध्ये त्याच वस्तीतून खासदार म्हणून निवडून आले.

मला या सगळ्यात जास्त भावतो तो स्पिटलफील्ड्सच्या बाजारातल्या तळघराचा किस्सा. फळ-लोकर बाजाराच्या इमारतीखालचं हे तळघर. हजारो माणसं कोंबली गेली, हवा नाही, पुरेसे संडास नाहीत, जमीन चिकट झालेली. तिथे मिकी डेव्हिस नावाचा चष्म्यांचा व्यावसायिक होता, उंची चार फुटांपेक्षा कमी. त्याने लोकांची समिती केली, झोपायच्या जागा आखून दिल्या, प्रथमोपचाराची खोली उभी केली, उपाहारगृह चालवलं आणि त्याच्या नफ्यातून मुलांना दूध द्यायला सुरुवात केली. पुढे नगरपालिकेने आपला अधिकारी नेमला, तर लोकांनी मतदान करून मिकीलाच पुन्हा प्रमुख केलं. एका जागी आलेला जमाव म्हणजे बेशिस्त, भित्रा, आळशी, असं ज्यांनी फाइलवर लिहिलं होतं त्यांना याहून चोख उत्तर काय द्यायचं?

पण हाल्डेनबाजूचं सगळं बरोबर होतं असं म्हणून मोकळं व्हायचं नाही. नोव्हेंबर 1940 मध्ये लंडनमधले लोक रात्री कुठे आसरा घेतात याची एक मोजणी झाली. भुयारी स्थानकांत 4 टक्के, इतर सार्वजनिक आसऱ्यांत 9 टक्के, घरच्या शेल्टरांत 27 टक्के. उरलेले, म्हणजे निम्म्याहून जास्त लोक, आपापल्या घरात होते किंवा कामावर. फलाटावर झोपलेल्या गर्दीचे फोटो आपण बघतो, पण ती गर्दी शहराचा एक छोटा हिस्सा होती. माणसाला आपलं अंथरूण सोडवत नाही. बॉम्ब पडत असले तरी. म्हातारी माणसं जिने उतरत नाहीत, तान्ह्या मुलाची आई रांगेत उभी राहत नाही. घराजवळचा आसरा हाच बहुतेकांनी वापरलेला आसरा, हे अँडरसनचं म्हणणं आकड्यांनी खरं ठरवलं.

गर्दीचा धोकाही काल्पनिक नव्हता. 3 मार्च 1943 ला संध्याकाळी बेथनल ग्रीनच्या स्थानकात शिरताना चेंगराचेंगरी झाली आणि 173 माणसं गुदमरून मेली. त्यांत 62 मुलं. त्या भागावर एकही बॉम्ब पडला नव्हता. जवळच्या बागेतून सुटलेल्या नव्या विमानविरोधी रॉकेटांचा अनोळखी आवाज झाला, लोक घाईने जिना उतरू लागले, ओल्या पायरीवर एक बाई मुलासह पडली, आणि मागचे मागून येतच राहिले. विखुरण्याच्या बाजूने बोलणारे या घटनेकडे बोट दाखवतात. मी त्या जिन्याकडे बघतो. मधोमध कठडा नाही, एक मिणमिणता दिवा, पायऱ्यांच्या कडा दिसत नाहीत. प्रवेशद्वार दुरुस्त करायला पैसे द्या अशी मागणी स्थानिक नगरपालिकेने 1941 मध्येच केली होती आणि ती नाकारली गेली होती. अपघातानंतर कठडे बसले. तेव्हा गर्दीला दोष देण्याआधी कठड्याचा खर्च कुणी वाचवला तेही बघावं.

खरी अक्कल दिसली ती तिसऱ्या वाटेत. ऑक्टोबर 1940 मध्ये अँडरसनच्या जागी हर्बर्ट मॉरिसन आले. पोलिसाचा मुलगा, लंडनच्या स्थानिक राजकारणात मुरलेला. लोकांना बाग नाही, तर बागेची अटच काढून टाका, या विचाराने प्राध्यापक जॉन बेकर यांनी घरातच मांडायचं शेल्टर केलं. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच असा लोखंडी पिंजरा, वर पाव इंचाहूनही पातळ पोलादी पत्रा, चारी बाजूंना जाळी. दिवसा त्यावर जेवायचं, रात्री आत शिरून झोपायचं. सुटे भाग 359, जोडायला लागणारी हत्यारं तीन. बेकरचं डोकं असं की पोलाद वाकलं म्हणजे ते हरलं, हे त्यांनी मानलंच नाही. घराचा वरचा मजला अंगावर पडला तर टेबलाने थोडं वाकून तो दणका पोटात घ्यावा, आतल्या माणसांना पुरेशी जागा उरावी, बस्स. जबर मार बसलेल्या 44 घरांची पाहणी झाली तेव्हा अशा टेबलांखाली 136 माणसं होती. त्यांतली तिघं मेली, तेरा जण गंभीर जखमी झाले. बाकीची ढिगाऱ्याखालून चालत बाहेर आली.

फक्त हे टेबल आलं मार्च 1941 मध्ये, आणि लंडनवरच्या सलग हल्ल्यांचा जोर मे महिन्यात ओसरला. वरातीमागून घोडं. खोल भुयारांचंही तेच. जनमताच्या रेट्याने नोव्हेंबर 1940 मध्ये त्यांना मंजुरी मिळाली, आठ तयार झाली 1942 मध्ये, आणि त्यांतली पाच लोकांना उघडली गेली ती थेट 1944 च्या उन्हाळ्यात, उडत्या बॉम्बच्या वेळी. मधल्या काळात गूज स्ट्रीटखालचं भुयार अमेरिकी सेनापती आयझेनहॉवरच्या मुख्यालयाच्या कामी आलं. भुयारं बांधता येत नाहीत हे खरं नव्हतं, आणि भुयारात गेलेला माणूस निकामी होतो हेही खरं नव्हतं. ज्याला गरज सर्वांत आधी होती त्याची पाळी सर्वांत शेवटी आली, एवढंच खरं होतं. बागवाल्याला 1939 मध्ये आसरा, बिनबागवाल्याला 1941 मध्ये. मधली दोन वर्षं कुणी कुणाच्या खात्यावर टाकायची?

आणि अँडरसन जिथे पाच वर्षं गव्हर्नर होते त्या कलकत्त्यात तर तेही नाही. 20 डिसेंबर 1942 पासून जपानी विमानं आली तेव्हा शहरात मैदानांवर उघडे चर खणलेले होते आणि दारांपुढे विटांच्या आडभिंती. लाखो लोक शहर सोडून पळाले. 5 डिसेंबर 1943 ला दिवसाढवळ्या खिदिरपूरच्या गोदीवर बॉम्ब पडले, शेकडो माणसं मेली, बहुतेक गोदी कामगार. पुन्हा गोदी, पुन्हा हमाल.

हा जुना हिशेब आज का काढायचा, तर तो चालूच आहे म्हणून. इस्रायलमध्ये 1992 पासून प्रत्येक नव्या घरात काँक्रीटची सुरक्षित खोली सक्तीची आहे. कायदा उत्तम. पण ज्यांची घरंच जुनी, किंवा ज्यांच्या घरांना सरकार मान्यताच देत नाही, अशा नेगेवमधल्या बेदुइन वस्त्यांना त्या कायद्याचा उपयोग शून्य. तिथेही घर असेल तसा जीव.

आपल्याकडे जम्मू भागात सीमेलगतच्या गावांसाठी केंद्राने 2017 च्या अखेरीस 14,460 बंकर मंजूर केले. त्यांत 13,029 वैयक्तिक, प्रत्येकी आठ माणसांचे. आणि 1,431 सामुदायिक, प्रत्येकी चाळीस माणसांचे. वैयक्तिक बंकर म्हणजे घरामागच्या जागेत काँक्रीटची खोली. अँडरसनचाच भाचा म्हणा. योजना वाईट नाही, गोळीबारात तिने जीव वाचवले आहेत, आणि एप्रिल 2025 मध्ये पहलगामनंतर गावोगावच्या लोकांनी घाईघाईने हे बंकर झाडून-पुसून तयार केले. पण योजनेची आखणी सीमेपासूनच्या अंतरावर झाली होती आणि ती गावांसाठी होती. 7 मे 2025 च्या पहाटे पाकिस्तानी तोफांनी पूंछ शहरावर मारा केला. दाट वस्ती, एकाला एक लागून घरं, बाजार, आणि बंकर जवळपास नाहीतच. दहाहून जास्त नागरिक मेले, त्यांत मुलंही होती. मग सगळीकडून मागणी झाली की शहरातही बंकर हवेत. शहरातल्या घराला परसदार नसतं, हे तोफा आल्यावर कळावं?

त्याच 7 मे रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, मुंबईतही झाली. भोंगे वाजले, स्वयंसेवकांनी स्ट्रेचर उचलले, कॅमेरे आले. 1971 साली खिडक्यांना काळे कागद चिकटवलेल्या पिढीला जुने दिवस आठवले. भोंगा वाजल्यावर धारावीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतल्या बाईने नेमकं जायचं कुठे, हे मात्र त्या तालमीतून कुणाला कळलं नाही. टॉवरमधल्या माणसाला निदान तीन मजली पार्किंगचं तळघर आहे. पुनर्वसनाच्या इमारतीत आणि चाळीत ते नाही. मुंबईवर उद्या बॉम्ब पडणार असं मी म्हणत नाही. पण तालीम करायचीच तर ती ज्याला तळघर नाही त्याच्यापासून सुरू करायला हवी, कारण तळघरवाल्याला भोंगा ऐकून काय करायचं ते सांगावं लागत नाही.

आपल्याकडे आता भुयारी मेट्रो आहे. आरेपासून कफ परेडपर्यंतची बहुतेक सगळी स्थानकं जमिनीखाली. कुणी तरी उत्साहाने म्हणेलच की झाला आसरा, लंडनसारखा. तसं म्हणण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. एक, तिथले जिने आणि सरकते जिने वीज गेल्यावर एका वेळी किती माणसं उतरवू शकतात, कठडे कुठे आहेत, अंधारात पायरीची कड दिसते का. दुसरी, पाणी. 26 मे 2025 च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं, ते अख्ख्या मुंबईने मोबाइलवर पाहिलं.

माझी मागणी साधी आहे आणि तिला पोलादही लागत नाही. महापालिकेने वॉर्डवार एक यादी करावी. कुठल्या वस्तीत किती माणसं, त्यांच्यापासून पाच मिनिटांच्या चालीवर कुठलं तळघर, कुठलं स्थानक, कुठली भक्कम शाळा, तिच्या दाराची किल्ली कुणाकडे, रात्री तीन वाजता ती मिळेल का. खासगी टॉवरचं तळघर असेल तर संकटकाळी ते शेजारच्या झोपडपट्टीला उघडायचं बंधन बांधकामाच्या परवानगीतच घाला. यावर सोसायट्या ओरडतील; सॅव्हॉयचे गिऱ्हाईकही नाराज झाले असणार. यादी करताना सुरुवात खोलीच्या क्षेत्रफळापासून करावी, सर्वांत लहान खोलीपासून, आणि ती वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर मराठीत आणि हिंदीत लावावी. पुढची तालीम त्यानंतर.